शोकाच्या घरची बेखमीर भाकर

पहिल्या वर्षी मी ती भाकर तांबड्या रश्शात बुडवून खाल्ली. आज सांगतानाही कानाच्या पाळ्या गरम होतात, पण झालं ते झालं. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीचा गुरुवार होता. महिन्याभरापूर्वी आपल्या मालकांसोबत शेजारी राहायला आलेल्या सिस्टर संध्याकाळी दारात उभ्या राहिल्या. हातात स्टीलचा डबा होता. त्यात वाफवलेल्या पांढऱ्या भाकरीचा जाड तुकडा आणि एका वाटीत गूळ घातलेलं नारळाचं दाट दूध. "खावा," एवढंच म्हणाल्या आणि वळल्या.

सिस्टर म्हणजे मठातल्या नव्हेत, दवाखान्यातल्या. जन्म केरळातला, पण नोकरीची सगळी वर्षं कोल्हापुरात गेलेली आणि मराठी शिकलेलं ते खाटेवरच्या पेशंटांकडून. त्यामुळे पुस्तकी मराठीचा वाराही त्यांना लागला नव्हता. निवृत्त झाल्या तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. मला त्या टीचर म्हणायच्या, कारण मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि गल्लीत कुणाला ओरडायचं झालं तर वर्गातल्यासारखीच ओरडते.

आम्हीही ख्रिस्ती. त्याही ख्रिस्ती. मला वाटलं, शेजारधर्म म्हणून खाऊ आणलाय. आमच्याकडे त्या दिवशी नेमकं मटण होतं. नवऱ्याच्या फौंड्रीतले दोन पाव्हणे जेवायला होते. मी तो तुकडा रश्शात बुडवला आणि म्हटलं, जरा कोरडी आहे, पण रश्शाबरोबर जाते. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही आमच्या आईची शिकवण. मी त्याच डब्यात पांढरा रस्सा आणि मटणाच्या चार फोडी भरल्या आणि नेऊन दिल्या. सिस्टरनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "बरं" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर त्या आल्या. "टीचर, रस्सा कोपऱ्यावरच्या वॉचमननं खाल्ला. झाक हुता म्हनला." मग खुर्चीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्यात पन्नास दिवसांचा उपास असतो. मटण नाही, मासा नाही, अंडं नाही. आणि काल दिलेली भाकर म्हणजे खाऊ नव्हताच. ती वल्हांडणाच्या सणाची बेखमीर, म्हणजे न आंबवलेली भाकर. प्रभूनं शेवटच्या रात्री शिष्यांसोबत मोडली तिची आठवण. वर्षातून एकदाच, घरच्या घरी करायची आणि घरात प्रार्थना करून खायची. तिचा कणही जमिनीवर पडू द्यायचा नाही. मी तर उरलेला रस्सा त्या भाकरीनं पुसून घेतला होता.

मला धरणीमाता पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आतल्या खोलीतून आईच्या हसण्याचा आवाज आला. आई तेव्हा आमच्याकडेच राहायची. ती काठी टेकत बाहेर आली आणि म्हणाली, "आमच्या पोरीनं आयुष्यभर दुसऱ्याच्या भाकरीवर आपला रस्सा ओतलाय. तुमी मनाला लावून घिऊ नका." त्या दोघी हसल्या. मला राग आला, आणि रागातच मी चहा ठेवला. आमची मैत्री अशी सुरू झाली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यांच्या दुपारी मला आता एकच लांबलेली दुपार वाटतात. शाळा सकाळची असायची. एकच्या सुमाराला ऊन अंगणात असं पसरायचं की समोरची भिंत हलतेय असं वाटे. पडवीत आई आरामखुर्चीत, सिस्टर तिच्या पायाशी बुटक्या स्टुलावर आणि मी चटईवर आडवी. नवऱ्याची पहिली पाळी असली की तोही येऊन भिंतीला टेकायचा. दोघी बोलायच्या आणि मी अर्धवट झोपेत ऐकायची. झोप आणि जाग यांच्यामधल्या त्या पट्ट्यात मला कितीतरी चर्चं दिसली, जी मी कधी पाहिलेली नाहीत.

सिस्टर सांगायच्या, त्यांच्या गावच्या चर्चमध्ये वेदीपुढं पडदा असतो. चप्पल बाहेर काढायची. धूप इतका की पुढच्या बाईचं डोकं धुरात बुडतं, आणि प्रार्थना अशा भाषेत की प्रभू स्वतः जी बोलायचा तिची ती नात्यातली. त्यांच्याकडं येशूच्या बारा शिष्यांतला एक, तो शंका काढणारा, गलबतातून आला होता आणि त्यांच्या पूर्वजांना बाप्तिस्मा देऊन गेला होता, असं त्या समोरच्या दुकानात काल कोणी येऊन गेल्यासारखं सांगायच्या. मग आई आमचं सांगायची. आमच्या खापरपणजोबांना गोऱ्या साहेबानं ओढ्याच्या पाण्यानं बाप्तिस्मा दिला. साहेब घोड्यावरून आला होता आणि त्याची मराठी ऐकून घोडासुद्धा लाजायचा. आमच्या चर्चमध्ये पडदा नाही, धूप नाही, मूर्ती नाही. पेटी आहे, तबला आहे, भजनं आहेत आणि पाळकांचं पाऊण तासाचं प्रवचन आहे.

"म्हंजे तुमी जुनी गिऱ्हाइकं," नवरा सिस्टरना म्हणायचा, "आन आमी उधारीवर आलेली."

"जुनं नवं काय न्हाय," सिस्टर म्हणायच्या. "देवाघरी रांग एकच हाय."

मला त्या धुराचं मोठं आकर्षण वाटायचं. डोळे मिटले की आमचं दगडी चर्च दिसे, त्याच्या कमानीखाली धूर, धुरातून नारळाची झाडं वर आलेली आणि मधल्या वाटेनं आई पांढरं लुगडं नेसून चालत येतेय. जाग आली की आई खुर्चीतच असायची, तोंड किंचित उघडं, घोरत. मला तेव्हा फार सुरक्षित वाटायचं. हे मी तिला कधी बोलले नाही.

अशाच एका दुपारी सिस्टरनी तो नियम सांगितला. ज्या घरात त्या वर्षात माणूस गेलंय, त्या घरात ती भाकर करत नाहीत. शेजारच्यांनी करायची आणि त्या घरी नेऊन द्यायची. शोकाच्या घरानं हात लावायचा नाही, पण त्या घराला भाकरीवाचून ठेवायचंही नाही.

"मग कुनी आनलीच न्हाय तर?" आईनं विचारलं.

"आनत्यात की. गावात आनत्यात."

आईनं मान हलवली. "आमच्यात असलं काय न्हाय. आमच्या म्हाताऱ्यांनी ख्रिस्ती झाल्यावर सुतक सोडलं, तेरावं सोडलं, सगळं सोडलं. मेलेलं मानूस प्रभूजवळ जातंय, मग रडायचं कशाला? आशा हाय म्हनूनच आपन ख्रिस्ती."

आई तशीच होती. माझे वडील गेले तेव्हा तिनं स्वतः भजन सुरू केलं होतं, आणि आवाज एकदाही कापला नव्हता. मंडळीत अजून त्याचं उदाहरण देतात.

आई दिवाळीच्या तोंडावर गेली. सकाळी चहा मागितला, मी घेऊन गेले तोवर ती नव्हती. मी कप खाली ठेवला आणि फोन करायला सुरुवात केली. पाळक, भाऊ, दफनभूमीचा माणूस. सगळं शिस्तीत. दफनाच्या वेळी आईनं केलं होतं तसंच मी केलं. भजन मीच उचललं, आणि माझाही आवाज कापला नाही. मंडळीतले एक ज्येष्ठ सभासद येऊन म्हणाले, "आईची लेक शोभतीस." मला त्या वेळी अभिमान वाटला, हे कबूल करते.

संध्याकाळी गल्लीतली एक बाई टोपलीत पिठलं-भाकरी झाकून घेऊन आली. आमच्या गल्लीत ही रीतच आहे. माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारचे कडू घास घेऊन येतात. मी दारातच सांगितलं, "आमच्यात सुतक नसतं, वहिनी." ती बिचारी टोपली घेऊन परत गेली. तिच्या पाठीकडं बघताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण मी आत आले आणि कुकर लावला. पाव्हण्यांसाठी आमटी-भात केला आणि स्वतःही दोन घास खाल्ले.

तेव्हापासून मी पाण्याखालून चालल्यासारखी वावरत होते. कुणी बोललं की आवाज लांबून यायचा. वर्गात पाढे म्हणून घेताना मधेच सात साते एकोणपन्नासपाशी थांबायची, आणि मुलं पुढं निघून जायची. रविवारी चर्चमध्ये बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर आई बसलेली दिसायची, डोक्यावर पदर, हातात जुनं भजनांचं पुस्तक. मी दचकायची नाही. तिथं ती असणारच असं वाटायचं. डोळ्याला पाणी मात्र नाही. लोक म्हणत, विश्वासात खंबीर आहे. नवरा एकदाच म्हणाला, "रड की गं जरा." मी त्याच्यावरच खेकसले, "कशाला? आशा नसलेल्या माणसांनी रडावं."

नाताळ झाला आणि सिस्टरचे मालक गेले. बरेच दिवस आजारी होते. त्यांच्या दफनाला पाळक लांबून आले होते, काळा झगा, लांब दाढी. प्रार्थना इतक्या लांबल्या की आमची माणसं अवघडून पायावरचा भार बदलत राहिली. सिस्टर मात्र रडल्या. मोठ्यानं, छाती पिटून, आपल्या भाषेत त्यांना हाका मारत. मी त्यांना धरून उभी होते, आणि मला, खोटं कशाला बोलू, त्यांचा हेवा वाटला.

मार्चमध्ये मी त्यांना सहज विचारलं, "यंदा वल्हांडणाची भाकर तुमच्याकडं कोण आणणार?"

पूर्वी त्यांच्या गावाकडचं एक कुटुंब पलीकडच्या गल्लीत होतं, ते पुण्याला गेलं. मुलगा, मुलगी दोघंही परदेशात. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बघू की. कुनी आनली तर आनली."

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, त्या बाईनं इतकी वर्षं आपल्याला ती भाकर दिली आणि आता मालक गेल्यावरच्या पहिल्याच गुरुवारी तिच्या घरात भाकर नाही, हे मला चालणार नाही. मी करणार. तो म्हणाला, "तुला येती व्हय?" मी म्हटलं, "शिकता येते." लग्नापासून तो एवढं तरी शिकलाय की या सुरात मी बोलले की पुढं काही विचारायचं नाही.

आता इथं माझी सवय आडवी आली. तांदूळ आणि उडदाची डाळ भिजवून वाटायची, हे मला ठाऊक होतं. त्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी वाटली, झाकण ठेवलं आणि इडलीचं पीठ ठेवावं तसं ओट्यावर ठेवून दिलं. सकाळी झाकण उचललं तर पीठ पातेल्याच्या काठाला आलेलं, वर बुडबुडे.

"आंबलं की गं हे," नवरा मागून म्हणाला.

बेखमीर भाकर, आणि मी तिला रात्रभर खमीर चढवत बसले होते! लहानपणापासून रविवारच्या शाळेत शिकलेय की गुलामीतून सुटलेल्या लोकांना मिसर देशातून निघायची घाई होती, पीठ फुगायला वेळ नव्हता, म्हणून ती भाकर बिनखमिराची. दर वर्षी हा धडा मीच मुलांना शिकवते. नवऱ्यानं त्या पिठाचे डोसे खाल्ले, सहा, आणि वर म्हणाला, "रोज चुकत जा."

शाळा सुटल्यावर मी पुन्हा डाळ-तांदूळ भिजवले. दुपारी वाटले. नारळ, जिरं, लसणीच्या दोन पाकळ्या आणि छोटे कांदे वाटून घातले. मोबाईलवर एक मल्याळी बाई हे सगळं करून दाखवत होती. तिचं एक अक्षर कळत नव्हतं, पण हात कळत होते. पीठ ताटलीत ओतून तसंच मोदकपात्रात ठेवलं. त्यावर झावळीचा क्रूस ठेवायचा असतो. आमच्या चर्चमध्ये झावळ्यांच्या रविवारी मिळालेल्या झावळ्यांनी पोरं तलवारी खेळतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा कचरा होतो. पण यंदा माझ्या पिशवीत एक पात राहिली होती. तिचे दोन तुकडे आडवेउभे ठेवले.

मग गूळ किसला. सिस्टर म्हणायच्या की त्यांच्याकडचा गूळ काळा असतो, कोल्हापूरचा पिवळा, म्हणून त्यांचं नारळाचं दूध इथं येऊन उजळ झालं. ते दूध मंद आचेवर ढवळत मी उभी होते. खिडकीतून एप्रिलचं ऊन ओट्यावर येत होतं, वाफ त्यात वर चढत होती, आणि वाफेत लसूण, नारळ, गूळ असा वास. तो वास धुपाचा नव्हता, पण मला त्या पडवीतल्या दुपारींमध्ये गेल्यासारखं वाटलं. मागं आई खुर्चीत आहे. तिची काठी भिंतीला टेकलेली आहे. मी वळले नाही. मी वळले नाही तोवर ती तिथं असणार होती. दूध खाली लागायला लागलं तेव्हा भानावर आले.

भाकर झाली. मधोमध जरा खचलेली, पण पांढरी, आणि पातीचा क्रूस तिच्यात रुतून बसलेला. आमच्या चर्चची संध्याकाळची उपासना आटोपून, उन्हं उतरल्यावर, मी ताटली पंच्याखाली झाकून शेजारी गेले. मला आपण फार चांगलं काम करतोय असं वाटत होतं. चार पावलांच्या त्या वाटेवर मी मनातल्या मनात वाक्यसुद्धा तयार केलं होतं. सिस्टर, कुणी आणो न आणो, मी आहे.

दार उघडं होतं. सिस्टर पांढरी साडी नेसून टेबलाशी बसल्या होत्या. टेबलावर दोन ताटल्या होत्या, दोन्ही झाकलेल्या.

मी माझी ताटली पुढं केली. त्यांनी पंचा उचलला, भाकरीला बोटानं दाबून पाहिलं. "झाली की बरी. फुगली न्हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पन टीचर, तू कशाला केलीस?"

"तुमच्या घरात करत नाहीत ना यंदा."

"व्हय. आन तुज्या घरात?"

मला समजलं नाही.

"तुजी आई गेली की. दिवाळीला. तुज्या घरात बी करायची न्हाय."

"आमच्यात तसं नसतं, सिस्टर," मी म्हटलं. तेच वाक्य. टोपली घेऊन आलेल्या बाईला दिलेलं.

"रीत नसंल," त्या म्हणाल्या. "मानूस गेलंय की."

त्यांनी टेबलावरच्या दोन्ही ताटल्यांवरची झाकणं काढली. दोन भाकरी, सारख्या, गोल, दोन्हींवर क्रूस. दवाखान्याच्या हॉस्टेलमधल्या त्यांच्या गावाकडच्या नर्स पोरींना त्यांनी आठ दिवस आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांच्या हातानं त्या मला करून देऊ शकत नव्हत्या, म्हणून पोरींकडून दोन करून घेतल्या होत्या. एक त्यांच्या घरासाठी. दुसरीकडं बोट करून म्हणाल्या, "ही तुजी. आत्ता घिऊन येनारच हुते."

माझं तयार वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक. गल्लीभर उपकार वाटत हिंडणारी मी, आणि सगळ्या कोल्हापुरात एकीलाच आठवलं होतं की माझ्याही घरातलं माणूस गेलंय.

"घरी ने आन प्रार्थना करून खावा," त्या म्हणाल्या. "थोरल्यानं मोडायची. मग बाकीच्यांना द्यायची. तुज्या घरात थोरलं कोन?"

"आई," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेल्यावर मला ऐकू आला. मी टेबलाची कड धरली आणि मग कुठून आलं ते सांगता येणार नाही, पण आलं. हुंदके नव्हते ते, ओरडणं होतं, शाळेतल्या ओरडण्यापेक्षा मोठं. नवरा पलीकडून धावत आला. सिस्टरनी त्याला हातानं दारातच थांबवलं. "रडू दे," त्या म्हणाल्या. "आज पयला दिवस हाय तिचा."